पाणी कुठवर आहे?

निघायच्या दिवशी अण्णांनी काही विचारलं नाही. खिडकीजवळच्या खुर्चीतून मान न वळवता एवढंच म्हणाले, "गेज बघून ये." नोकरी संपून सव्वीस वर्षं झाली, पुण्याच्या फ्लॅटात येऊन पंधरा. धरणाच्या पाण्याची पातळी आता त्यांना कुणाला कळवायची नाही. तरी दर खेपेला हेच सांगतात आणि दर खेपेला मी बघायचं विसरून येतो.

ट्रॅव्हल्सनं जिंतूर मागं टाकलं की पहाट फटफटायला लागते. मी औंढ्यालाच उतरतो. त्या दिवशीही उतरलो. जीपवाल्यानं विचारलं, "कुठं चाललास?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सिद्धेश्वरला जायलोय." पुण्यातल्या पहिल्या वर्षी या 'जायलोय'ला ऑफिसात इतकं हसले होते, की मी ते दाबून 'जातोय' केलं. ते काही मेलं नव्हतं. शेकडो मैलांवर औंढ्याच्या स्टँडवर माझी वाट बघत बसलं होतं.

लहानपणी पाकिटावर पत्ता लिहायचो, मुक्काम सिद्धेश्वर कॅम्प, जिल्हा परभणी. 1 मे 1999 ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तोवर मी गाव सोडलं होतं. माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर अजून परभणीच आहे. नदीचंही तसंच. पूर्णा म्हटलं की बाहेरच्याला वऱ्हाडातली, तापीला मिळणारी आठवते. आमची दुसरी. ती अजिंठ्याच्या डोंगरात उगवते आणि पूर्णा जंक्शनच्या पुढं गोदावरीत संपते. सरकारी कागदांत तिला 'दक्षिण पूर्णा' म्हणतात. गावात कुणी म्हणत नाही. गावात ती नुसती 'नदी'.

तिच्यावर वर येलदरी आणि खाली सिद्धेश्वर, अशी दोन धरणं. आमचं 1968 सालचं. साडेअडतीस मीटरला किंचित कमी उंची, पण लांबी सहा किलोमीटरच्या पुढं. मातीची भिंत कुठून धरण होते आणि कुठून नुसती टेकडी राहते, हे परक्याला कळत नाही. येलदरी कोठार आहे, तर सिद्धेश्वर ओसरी. येलदरीच्या वीजघरातून चक्रं फिरवून सुटलेलं पाणी इथं येऊन थांबतं आणि इथून कालव्यात शिरतं, वसमतकडं, नांदेडकडं. येलदरीत उपयुक्त पाणी 809.77 दशलक्ष घनमीटर (दलघमी), आमच्याकडं 80.96. अगदी एकास दहा.

पण गंमत पुढंच आहे. सिद्धेश्वरचा एकूण साठा अडीचशे दलघमीच्या वर. म्हणजे जवळजवळ एकशे सत्तर दलघमी पाणी हिशेबाबाहेर. कालव्याचं तोंड उंचावर आहे. पाणी त्या उंबऱ्याला लागेल तेव्हा कालवा वाहतो, उंबऱ्याखालचं जागेवरच राहतं. त्याला मृत साठा म्हणतात. वर्तमानपत्रात जे टक्के छापतात ते उंबऱ्यावरच्या पाण्याचे. त्यामुळं 'सिद्धेश्वर शून्य टक्के' वाचून पुण्यातले शेजारी हळहळायचे, तेव्हा अण्णा चिडायचे. "शून्य कसलं? भिंतीला टेकून उभं आहे पाणी!" मृत या शब्दाचा तर त्यांना भारी राग. त्या पाण्यात मासे आहेत, त्यावर माणसांची तहान भागते, मग मृत काय? रजिस्टरमध्ये मात्र निमूट तोच शब्द लिहीत आले. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी नेलं, त्या दिवसांत रोज रात्री टीव्हीसमोर बसून ते मनातल्या मनात कसले तरी आकडे वजा करत असायचे.

कॅम्पातली आमची क्वार्टर उभी आहे, असं म्हणायला हरकत नाही. कौलं गेलीत. चौकटी कुणीतरी नेल्यात. स्वयंपाकघराच्या जागी एक निंब वर आलाय, तोही चांगला पोसलेला. आई भांडी घासायची तिथलंच खरकटं पाणी पिऊन वाढला असणार. मी पाच मिनिटं थांबलो. फोटो काढला, मग पुसला.

अक्काचं घर कालव्याच्या अंगाला आहे. तिला तिथं दिली तेव्हा अण्णांनी आधी वितरिका कुठून जाते ते पाहिलं आणि मग मुलगा, असं आई सांगायची. मार्च म्हणजे हळदीचा दिवस-रात्र धबडगा. औंढ्याच्या देवळाची गोष्ट आमच्याकडं सगळ्यांना पाठ आहे. नामदेवांना मागच्या बाजूला जाऊन कीर्तन करायला लावलं, तर देऊळच त्यांच्याकडं फिरलं. परत येताना मलाही दर वेळी वेडी आशा असते, की गाव जरा मान वळवून बघेल. गाव कशाला बघतंय? शिवारात कुकर लागलेला असतो. ड्रममधून वाफ सुटते, बाया घमेली घेऊन पळतात, शिजलेली हळद मोठ्या मोठ्या ढिगांनी वाळत पडते. अक्का पिवळ्या हातांनी माझ्या तोंडावरून हात फिरवायला आली आणि शर्ट बघून थांबली. "डाग जायचा नाही," म्हणाली. मीच तिचा हात धरून गालावर ठेवला. मग तिनं विचारलं, "आण्णा जेवायलेत का नीट?" आणि उत्तराच्या आधीच कुकरवाल्याला हाक मारली, "अरे, बस कर, जास्ती शिजंल!" हळद जास्त शिजली की रंग मार खातो, हिंगोलीच्या मार्केटात पुकारा कमी लागतो. माझं उत्तर कुठं पळून जाणार होतं?

संध्याकाळी मित्र आले. एक जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, एक पिकअप चालवतो, एकाचं घर पिढ्यान्‌पिढ्या भोयांचं, तो धरणात जाळं टाकतो. त्यानं मरळ आणली होती. चौथा आला नाही. का, ते कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. "किती दिवस हायस?" हा पहिला प्रश्न. "चार," म्हणालो. त्यावर तिघांनीही मान हलवली, कालव्याचं आवर्तन किती दिवसांचं ते ऐकून शेतकरी हलवतात तशी. मग त्या चार दिवसांत बसेल एवढंच बोलणं झालं. पोरांची लग्नं, गुडघे, भाव.

जाळंवाला म्हणाला, "आमच्यात तुझी गोष्ट निघते बरं का. पर तिच्यात तू धा वर्षांचाच असतोस." गोष्ट कोणती, तेही कळलं. आवर्तन सुटलं की पुलावरून कालव्यात उड्या मारायच्या. सगळ्यांनी मारल्या, मी कठड्यावर उभा राहून थिजलो, शेवटी यांनीच मला पाठुंगळी मारून घरी नेलं. तीस-पस्तीस वर्षं हे लोक मला त्या कठड्यावर उभा करून ठेवून आहेत. राग यायला हवा होता. पुण्यात मी यांच्या गोष्टी सांगतो, त्यात हे तरी कुठं मोठे झालेत?

मास्तर हल्ली विज्ञानात फार रमलाय. औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगो होणार, चार-चार किलोमीटरचे दोन बाहू काटकोनात, 2023 च्या एप्रिलमध्ये केंद्रानं 2600 कोटी मंजूर केले, हे त्यानं एका दमात सांगितलं. दूर अंतराळात दोन कृष्णविवरं आदळली की त्याचा तरंग इथं मोजणार. पिकअपवाला भाकरी मोडता मोडता म्हणाला, "आन पांगऱ्याला जमिनीतून आवाज येतेत वर्षानुवर्षं, ते मोजा की आधी." वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेचं ते गुरगुरणं आमच्या भागात जुनंच. आम्ही हसलो.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे 21 मार्च 2024 ला, सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी मांडणीवरची भांडी वाजली. मी अंथरुणात होतो. आधी वाटलं, अक्का आदळआपट करतेय. मग पलंग सरकल्यासारखा झाला आणि बाहेरून तिचीच हाक आली, "बाहेर निघ!" अंगणात सगळी गल्ली उभी. 4.5 रिश्टरचा होता, हे नंतर कळलं. हिंगोली, परभणी, नांदेड, सगळीकडं जाणवला. पडझड काही दिसली नाही. बाया एकमेकींना तेच तेच सांगत होत्या. गडी मात्र गप्प होते, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, भिंतीकडं. तिकडून काही आवाज येतो का, हे ऐकत. मीही त्यांच्यात उभा होतो, तसाच कान देऊन. वीस-पंचवीस वर्षांत कळपात एवढा सहज उभा राहिलो नव्हतो.

सात वाजता फोन. अण्णांनी टीव्ही लावला होता.

"भिंत कशी आहे?"

"आम्ही बरे आहोत, अण्णा. अक्का बरी आहे."

"ते आलं लक्षात. भिंत?"

अक्का शेजारी उभी होती. तिनं ऐकलं आणि पदर तोंडाला लावून हसली. "जा," म्हणाली, "नाहीतर उपाशी राहतील दिवसभर."

पिकअपवाल्यानं सोडलं. भिंतीवर आधीच पाचपन्नास माणसं जमली होती, कुणी मोटारसायकलवरून, कुणी बैलं बांधून आलेलं. बघण्यासारखं काही नव्हतं. पाणी सपाट, वर बगळे, लांब जाळंवाल्याचा तराफा. तोही धक्क्याच्या वेळी पाण्यात होता. "खाली काहीतरी कूस बदलल्यासारखं झालं," एवढंच नंतर म्हणाला. मी पाण्याच्या बाजूच्या पायऱ्या उतरून गेजपट्टीपाशी गेलो आणि फोन लावला.

"अण्णा, भिंत ठणठणीत आहे."

"गेज?"

"पट्टीवरचा रंग गेलाय. आकडा लागत नाही."

पलीकडं थोडा वेळ काहीच नाही. पंधरा वर्षं अण्णा घरात आणि सोसायटीत जपून पुणेरी बोलतात. नातवंडांना कळावं म्हणून.

"मग असं कर," ते म्हणाले. "पाण्याच्या वर किती पायऱ्या दिसायल्यात, त्या मोज. हळू मोज. मी हायेच लाइनीवर."

मी फोन कानाला धरूनच वर वळलो आणि पहिल्या पायरीपासून मोजायला लागलो.