सत्याच्या मंत्रालयातले वाचनालय

लंडनला गेलेला आपला माणूस राजवाडा पाहतो, टॉवर पाहतो, ब्रिटिश म्युझियममध्ये पाय मोडेपर्यंत हिंडतो आणि मग चहाच्या शोधात निघतो. त्या म्युझियमच्या अगदी पिछाडीला एक पांढुरकी, ताठ, अबोल इमारत उभी आहे. तिच्याकडे सहसा कोणी वळत नाही. हे लंडन विद्यापीठाचे सिनेट हाउस. चार्ल्स होल्डन या वास्तुशिल्पज्ञाची ही निर्मिती. 1933 साली पाचव्या जॉर्ज राजाने तिचा पायाचा दगड बसवला. उंची सुमारे 210 फूट. जवळ जाऊन वर पाहिले, की इमारतच आपल्याला न्याहाळते आहे असा भास होतो.

मला तिथे नेले माझ्या भाचीने. ती लंडनला इंग्रजी साहित्याचे एम. ए. करते आणि तिचा खास विषय आहे ‘डिस्टोपिया’, म्हणजे रामराज्याच्या नेमके उलट राज्य रंगवणाऱ्या कादंबऱ्या. हे ऐकून ताईने कपाळाला हात लावला होता. “आयुष्यभराची पुंजी मोडून पोरगी भीतीची पुस्तके वाचायला गेली! तू जातोच आहेस, तर ती शिकते तरी काय ते बघून ये,” अशी तिची मला ताकीद होती.

“मामा, या इमारतीला तुम्ही ओळखता,” भाची म्हणाली. “तुम्ही ‘नाइन्टीन एटी-फोर’ वाचलीय ना?”

दुसऱ्या महायुद्धात सरकारचे माहिती मंत्रालय याच इमारतीत होते. लोकांना काय कळावे आणि काय कळू नये, हे इथे ठरत असे. जॉर्ज ऑर्वेलची पत्नी आयलीन त्या मंत्रालयाच्या सेन्सॉर खात्यात नोकरीला होती. पुढे 1949 साली ऑर्वेलची कादंबरी आली. तिच्यातले ‘सत्याचे मंत्रालय’ जुनी वर्तमानपत्रे बदलून कालचा इतिहास आज नव्याने लिहिते. त्या मंत्रालयाची प्रचंड पांढरी इमारत ऑर्वेलला सुचली ती हीच पाहून, असे मानतात. आज त्याच मनोऱ्यात विद्यापीठाचे ग्रंथालय आहे आणि त्याच्या कपाटांत ती कादंबरीही आहे. दैवाने घेतलेला सूड असावा तर असा!

ग्रंथालयात पिन पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. भाचीच्या टेबलावर मार्गारेट ॲटवुडची ‘द हँडमेड्स टेल’ (1985), काझुओ इशिगुरोची ‘नेव्हर लेट मी गो’ (2005) आणि पॉल लिंचची, 2023 चे बुकर पारितोषिक मिळवलेली, ‘प्रॉफेट साँग’. शेजारी मंजुला पद्मनाभन यांचे 1997 चे नाटक ‘हार्वेस्ट’. त्यातले मुंबईचे एक गरजू कुटुंब श्रीमंत परदेशीयांना शरीराचे अवयव विकायला तयार होते. हे वाचताना मात्र मला लंडन फार दूर वाटले नाही.

“यात शिकायचे काय असते ग?” मी ताईचा प्रश्न विचारला.

“घर एका दिवसात जळत नाही, मामा. आधी वास येतो. तो वास ओळखायला शिकतो आम्ही. ॲटवुडबाईंनी तर नियमच केला होता, की इतिहासात माणसाने कुठे ना कुठे केलेले नाही असे काही कादंबरीत घालायचे नाही. म्हणून वर्गात आम्ही कायदे वाचतो, जुनी वर्तमानपत्रे वाचतो. कल्पना कमी आणि हिशेबच जास्त.”

तिथून पाच मिनिटांवर युनिव्हर्सिटी कॉलेज. 1832 साली वारलेले तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम तिथे आजही काचेच्या पेटीत बसले आहेत. सांगाडा खरा, कपडे खरे, डोके मेणाचे. याच गृहस्थांनी असा तुरुंग कल्पिला, की मधल्या एका पहारेकऱ्याला सगळे कैदी दिसावेत, पण तो कोणाला दिसू नये. मधला मनोरा आणि त्यातून फुटलेल्या सात इमारती असलेला अंदमानचा तुरुंग आठवा, तोही याच कुळातला. आता तो पहारेकरी आपण हौसेने खिशात घेऊन हिंडतो आणि रात्री उशाशी चार्जिंगला लावतो!

याच कॉलेजच्या संग्रहात 1960 पासून ऑर्वेलची कागदपत्रे जपलेली आहेत. ऑर्वेल 1941 ते 1943 बी. बी. सी. च्या पौर्वात्य विभागात हिंदुस्थानसाठी कार्यक्रम करीत होता. त्याच्या सहकाऱ्यांत वेणू चितळे ही आपली मराठी बाई होती. पुढे 1950 साली तिची ‘इन ट्रान्झिट’ ही इंग्रजी कादंबरी निघाली. त्या कचेरीत प्रत्येक भाषण आधी सेन्सॉरच्या नजरेखालून जाई, मगच ध्वनिक्षेपकासमोर येई. ऑर्वेलने जे भविष्य लिहिले, त्यातले बरेचसे त्याने कचेरीच्या वेळेत पाहिलेले होते.

ताईला मी त्याच रात्री कळवले: पोरगी भीत नाही, भीती कुठून येते ते मोजते आहे. पैसे वाया गेलेले नाहीत.

तुम्ही लंडनला गेलात, तर म्युझियमच्या मागच्या बाजूला अवश्य डोकवा. ज्या इमारतीत एकेकाळी शब्दांना कात्री लागत होती, तिथे आता विशी-बाविशीतली मुले बसून तेच शब्द पेन्सिलीने अधोरेखित करीत असतात.