परातीतलं पाणी

आमच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली एक पितळी परात असते. परातीत दोन बोटं पाणी, पाण्यात पालथा घातलेला वाडगा आणि वाडग्यावर स्टीलचा डबा. डब्यात मांजरीचं खाणं. नवख्या माणसाला ही एखाद्या व्रताची मांडणी वाटते. एका मैत्रिणीने तर येता जाता हात जोडले होते. मीही तिला लगेच काही सांगितलं नाही.

मांजरीचं नाव सुंठ. रंगावरून ठेवलेलं. सात वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात पार्किंगमधल्या स्कूटरखाली सापडली आणि राहिली. सासरे गेल्यावर सासूबाई राजापूरकडचं घर बंद करून पुण्याला आमच्याकडे आल्या, तेव्हा सुंठ घरात चांगलीच मुरलेली होती. सासूबाईंना मांजरांचं वावडं नव्हतं. त्यांच्या घरीही चार-दोन मांजरं असायची, पण ती अंगणात. दूध-दही त्यांच्यापासून वाचवायला शिंक्यात टांगलेलं असे. मांजर सोफ्यावर आणि तिचं खाणं विकतचं, त्यातही मासळीचं, हे मात्र त्यांच्या गणितात बसेना. बोलल्या काहीच नाहीत. फक्त पहिल्याच आठवड्यात ती पिशवी स्वयंपाकघरातून बाल्कनीत, चपलांच्या कपाटाशेजारी गेली. कोणी नेली ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. सुंठीच्या अंगाला त्यांनी कधी हात लावला नाही. मला ते रोज दिसायचं आणि रोज थोडं लागायचं.

मे महिन्यात मुंग्या आल्या. पाऊस तोंडावर आला की त्या घरात शिरतातच, पण या वर्षी रांग थेट पिशवीत. बारीक, तांबूस, मोहरीपेक्षा लहान. पिशवीला चिमटा लावला, तर त्या घडीतून गेल्या. स्टीलचा डबा आणला, तर झाकणाखालून गेल्या. आपल्याला घट्ट वाटणाऱ्या झाकणातही कागद जाईल एवढी फट असते आणि मुंगीला तेवढी पुरते. सुंठ वाटीपाशी यायची, हुंगायची, मिशा मागे ओढून माझ्याकडे बघायची आणि निघून जायची. पिशवी फ्रीझरमध्ये ठेवली असती तर मुंग्या मेल्या असत्या, पण तिथे सासूबाईंचं ओलं खोबरं होतं. त्या खोबऱ्याशेजारी मासळी ठेवायचा माझा धीर झाला नाही.

"पाण्यात ठेव," सासूबाई एका संध्याकाळी म्हणाल्या. त्यांच्या माहेरी दुभत्याच्या जाळीच्या कपाटाचे चारही पाय पाणी भरलेल्या दगडी वाट्यांत असत, हेही सांगितलं.

"आई, आता कोण पाण्यात ठेवतं?" मी म्हटलं. शब्द साधे होते. सूर साधा नव्हता. तुम्हाला तिचं काय पडलंय, असं त्या सुरात होतं आणि ते त्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी मी मुंग्यांचा खडू आणला. बाल्कनीच्या उंबऱ्यावर, डब्याभोवती, भिंतीच्या कडेने जाड पांढऱ्या रेघा ओढल्या. तासाभरात रांग तुटली. मला फार बरं वाटलं.

रात्री नऊच्या सुमारास सुंठीचे कान फडफडायला लागले. मग लाळ, मग सगळं अंग थरथरायला लागलं. मांजर दिवसभर अंग चाटतं. पायाला जे लागतं ते पोटात जातं. उंबऱ्यावरून ती दिवसातून वीस वेळा ये-जा करते, हे मला माहीत होतं. आपलं यकृत हे कीटकनाशक मोडून टाकतं, कुत्र्याचंही बऱ्यापैकी मोडतं. मांजराच्या यकृतात त्या कामाचं रसायन फार कमी असतं, हे माहीत नव्हतं. डॉक्टरांनी तिला सौम्य साबणाने धुतलं, इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं. "रात्र काढू दे, मग बघू," म्हणाले. मी बाकावर बसून राहिले. माझ्या उजव्या हाताच्या बोटांवर अजून खडू होता.

पहाटे थरथर थांबली. सकाळी दहाला मी तिला टोपलीत घालून घरी आणलं, तेव्हा बाल्कनीत एकही रेघ नव्हती. फरशी साबणाच्या पाण्याने तीनदा पुसून काढली होती, भिंतीची कडसुद्धा. शहात्तर वर्षांच्या, गुडघ्यांनी कुरकुरणाऱ्या बाईने हे रात्रीतून केलं होतं. स्वयंपाकघरात ओट्याखाली परात मांडलेली होती. त्यांच्या लग्नातली, पुरणाची. वर डबा होता तोही त्यांचा, दिवाळीच्या लाडवांचा. त्याच्या झाकणाला आतून रबराची कडी आहे.

मी तिथेच उभी राहिले. "अगं, आधी तिला खाली ठेव," त्या म्हणाल्या.

परातीचं शास्त्र त्यांनी मला पुढच्या काही दिवसांत शिकवलं. डबा भिंतीला टेकता कामा नये. परातीवर पळी, फडकं, केरसुणीची काडी, काहीही आडवं पडलं की पूल तयार. पाण्यावर धुळीची साय धरली तर हलकी मुंगी त्यावरून चालत जाते. म्हणून साबणाचे दोन थेंब. त्याने पाण्याचा ताण जातो आणि मुंगीला पाय ठेवायला जागा उरत नाही. पण साबणाचं पाणी मांजर प्यायलं तर, असं म्हणून त्यांनी थेंब बंद केले आणि पाणी रोज बदलायला सुरुवात केली. शिळ्या पाण्यात डासही होतात. फरशी पुसायची ती मात्र साबणानेच. मुंग्या वाटेवर वास सोडत जातात आणि मागच्या त्या वासावर येतात. नुसत्या पाण्याने वास नीट जात नाही.

मग मीही थोडं वाचलं. मोठ्या मुंगीला घट्ट अन्न गिळता येत नाही. ती पातळ रसावर जगते. मांजरीच्या दाण्यांचे कण ती वाहून नेते ते वारुळातल्या अळ्यांसाठी. अळ्या ते खातात, पचवतात. हे सासूबाईंना सांगितलं, तर त्यांना नवल वाटलं नाही. "पोरांसाठीच नेणार ना. नाहीतर एवढी धावपळ कोण करतं?" तेव्हापासून बाल्कनीतल्या कोपऱ्यातल्या कुंडीत त्या चिमूटभर कणीक आणि साखर टाकतात. स्वयंपाकघरात यायचं नाही आणि उपाशीही राहायचं नाही, असा तह आहे. मुंग्या तो नेहमी पाळतात असं नाही.

त्या संध्याकाळच्या सुराबद्दल मी त्यांची माफी मागितलेली नाही. दोनदा सुरुवात केली. एकदा त्यांनी दळणाचं विचारलं, एकदा कुकरची शिट्टी झाली. त्यांनी ते मुद्दाम केलं, असं मला वाटतं.

परवा सकाळी मी उशिरा उठले. सासूबाई ओट्यापुढे पाटावर बसल्या होत्या. जुनं पाणी बादलीत काढून त्यांनी परात पुसली होती. सुंठ अगदी शेजारी, शेपूट पायांभोवती गुंडाळून. नवं पाणी ओतायला तिची अडचण होत होती. "सरक गं," असं म्हणत त्यांनी हाताच्या मागच्या बाजूने तिला जरा लोटलं. ती सरकली नाही. त्यांनी हातही लगेच काढला नाही.

मी पुन्हा खोलीत गेले आणि चहाला थोडा उशीर केला.