सात मिलिसेकंद

पुणे, ११ जून
एनएमआर स्पेक्ट्रोमीटर दिवसा केमिस्ट्रीवाले सोडत नाहीत, म्हणून आम्हाला रात्रीचाच स्लॉट. नमुना नेहमीचा: कार्बन-१३ असलेलं क्लोरोफॉर्म, ५ मिलिमीटरच्या काचनळीत. रेणूत एक हायड्रोजन, एक कार्बन. दोघांच्या केंद्रकांचे स्पिन म्हणजे झाले दोन क्युबिट, क्वांटम संगणकाचे बिट. त्यांचा एकमेकांवरचा परिणाम, म्हणजे कपलिंग 'जे', साधारण २१५ हर्ट्झ. दोघांच्या अवस्थांची अदलाबदल कमीत कमी वेळात करायची आहे. नवा मुलगा म्हणाला, "ताई, पल्सची पॉवर वाढवू या ना." पहिल्यांदा सगळे हेच म्हणतात. रेडिओ लहरींची पल्स दहाएक मायक्रोसेकंदांत स्पिनला ९० अंश वळवते. वेळ खाणारी ती नव्हेच.

१३ जून
त्याला खनेजा, ब्रॉकेट आणि ग्लासर यांचा २००१ चा शोधनिबंध वाचायला दिला. (खनेजा पुढे पवईच्या आयआयटीत आले.) सुट्या स्पिनला फिरवणं फुकट धरलं, तर वेळ लागतो तो फक्त कपलिंगला. रिक्षावाल्याने कितीही रेस केली तरी फाटक गाडी गेल्यावरच उघडणार. सीनॉटला (एक क्युबिट बघून दुसरा उलटवणारी क्रिया) १/(२जे), म्हणजे २.३ मिलिसेकंद, अदलाबदलीला त्याच्या तिप्पट, जवळपास ७. याहून लवकर ती होऊच शकत नाही, हे त्यांनी भूमितीने सिद्ध केलंय. मला त्यातलं हेच आवडतं. उगाच रात्री जाळाव्या लागत नाहीत.

१६ जून
धो धो पाऊस, लाइट गेले. चुंबक अतिवाहक, त्याला त्याचं सोयरसुतक नाही. आम्ही मात्र रिकामे. सोव्हिएत गणितज्ञ पोंत्र्यागिनबद्दल वाचलं. चौदाव्या वर्षी स्टोव्हचा भडका उडून दृष्टी गेली; आई गणिताची पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवायची. १९५० च्या दशकात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं मॅक्सिमम प्रिन्सिपल, म्हणजे सर्वोत्तम नियंत्रणाने पाळायची अट, या सगळ्या कामाच्या मुळाशी आहे.

१९ जून
ग्रेप चालवलं. २००५ ची ही पद्धत पल्सचे बारीक तुकडे पाडते आणि प्रत्येकाची उंची थोडी थोडी सुधारत नेते. निघालेली पल्स करवतीच्या दात्यांसारखी. काम चोख, पण बघून काही उमजेल तर शपथ. आलेख मात्र बोलका: ७ मिलिसेकंदांच्या पुढे फिडेलिटी, म्हणजे क्रियेची अचूकता, सपाट; अलीकडे घसरण. मुलगा बराच वेळ तो कोपराच बघत होता.

मग त्याने नेमकं विचारलं, "आपले स्पिन सेकंदभर तग धरतात, मग ७ मिलिसेकंदांची एवढी काळजी कशाला?" एका अदलाबदलीसाठी नाहीच. शंभर एकापुढे एक लावल्या की पाऊण सेकंद जवळ येतो. अतिवाहक क्युबिटवाल्यांचं दुखणं निराळं: त्यांना नॅनोसेकंदांत उरकायचं असतं, पण फार घाई केली की अवस्था क्युबिटच्या दोन पातळ्या सोडून तिसऱ्या पातळीवर गळते.

२२ जून
आता तीन स्पिनची साखळी. दोन टोकांचं आपसांत कपलिंग नाही, सगळं मधल्यामार्फत. नेहमीची रीत म्हणजे एकेक जोडी आळीपाळीने हाताळायची. खनेजा, ब्रॉकेट आणि ग्लासर यांनीच २००२ मध्ये दाखवलं, की तिन्ही स्पिनवर मिळून होणाऱ्या काही क्रिया त्याहून कमी वेळात होतात. मुलाला आता तो निबंध हवाय. प्रिंटरमध्ये टोनर नाही.