दार उघडं होतं

खंबाटकीचा बोगदा मागे पडून उतार लागला आणि टॅक्सीत जळक्या ब्रेक लायनरचा वास शिरला. पुढे एक भरलेला ट्रक कण्हत उतरत होता, मागच्या चाकांशी निळसर धूर. आमच्या ड्रायव्हरने काचा वर घेतल्या, एक शिवी हासडली आणि म्हणाला, "या ट्रकवाल्यांना रस्त्यावर येऊच देऊ नये, मॅडम." मी माझ्या बाजूची काच परत खाली केली. हा वास माझ्या घरातला आहे. मामाच्या खाकी शर्टाला तो असायचा, गुळाच्या वासात मिसळलेला.

मामा कोल्हापूरहून गुळाचे रवे भरून मुंबईला जायचा. टाटाची बाराशे दहा, लाकडी केबिन, शेजारी तापलेलं इंजिन. आता १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनणाऱ्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. मामाचा एसी म्हणजे खिडकी. त्यामुळे त्याचा उजवा हात डाव्यापेक्षा दोन छटा काळा होता. साताऱ्यात हायवेच्या कडेला गाडी लावून तो आमच्याकडे जेवायला यायचा आणि जाताना क्लीनरसाठी भाकरी बांधून न्यायचा.

गणपतीत गल्लीत वर्गणी काढून व्हीसीआर आणायची पद्धत होती. त्या वर्षी मामा नेमका मुक्कामाला होता, म्हणून कॅसेटवाल्या पोराने खास एक इंग्रजी कॅसेट दिली. "ट्रकचा पिक्चर आहे, मामांना आवडंल." तो स्टीव्हन स्पीलबर्गचा 'ड्युएल' होता. मूळचा टीव्हीसाठी काढलेला, काढताना दिग्दर्शक जेमतेम चोवीस वर्षांचा, हे मला फार पुढे कळलं. गल्लीला एवढंच दिसत होतं की एक टाय लावलेला माणूस लाल प्लिमथ घेऊन कामाला निघालाय, त्याने एका गंजक्या टँकरला ओव्हरटेक केलंय आणि आता तो टँकर त्याला सोडत नाहीये. बोलणं थोडं, त्यामुळे इंग्रजीवाचून कुणाचं अडलं नाही. टँकरच्या ड्रायव्हरचा चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही. खिडकीतून हात दिसतो, गाडीखाली बूट दिसतात, बस.

मत मात्र माणशी एक निघालं. आजीला राग आला तो मोटारीतल्या म्हाताऱ्या जोडप्याचा, जे मदत न करताच निघून जातं. आईचं लक्ष फोनवर. नायक वाटेत घरी फोन लावतो, बायको कालच्या पार्टीवरून घुश्शात असते, पोरं जमिनीवर खेळत असतात. आई म्हणाली, "भांडण मिटवून निघाला असता तर डोकं ठिकाणावर राहिलं असतं." शेजारचे मास्तर म्हणाले, हे यंत्रयुगाचं रूपक आहे. मामा काहीच बोलला नाही. सतरंजीवर बसून प्रत्येक वळणाला त्याचा उजवा पाय जमीन दाबत होता.

मग तो बोलायला लागला आणि थांबेना. पंपावरचा पोरगा सांगतो, साहेब, रेडिएटरचा होज बदलायला झालाय. साहेब म्हणतो, नंतर बघू. पुढे ऐन चढावर तोच होज फुटतो. "मग दोष कुणाचा?" वाटेत शाळेची बस अडकलेली असते. नायक आपल्या मोटारीने ती ढकलायला जातो आणि त्याचंच बंपर अडकून बसतं. टँकर येतो आणि बस सरळ ढकलून देतो. "बघा, पोरांचं काम क्येलं का न्हाई त्यानं?" पण मामा त्या ड्रायव्हरचा वकील मुळीच नव्हता. एका जागी टँकरवाला खिडकीतून हात काढून 'जा पुढं' अशी खूण करतो, आणि समोरून गाडी येत असते. तिथे मामा ताडकन म्हणाला, "ह्येला माफी न्हाई." रस्त्यावर हात दाखवून फसवायचं नाही, मागच्याने त्या हातावर जीव सोपवलेला असतो. बाकीचा पाठलाग, धडका, सापांच्या पिंजऱ्यांचा चुराडा, हे सगळं त्याच्या लेखी भांडण होतं. हात दाखवणं हा गुन्हा.

शेवट सगळ्यांना माहीत आहे. नायक ब्रीफकेस पॅडलवर अडकवून मोटार टँकरवर सोडतो, स्वतः उडी टाकतो, आणि जळत्या मोटारीसकट टँकर कड्यावरून खाली जातो. गल्लीने टाळ्या वाजवल्या. मामा उठून टीव्हीपाशी गेला. "माघारी घ्या जरा." कॅसेट मागे घेतली. "परत." पडद्यावर रेघा, मुंग्या, लाल-तपकिरी काहीतरी कोसळतंय. "दार उघडं हाय बघा. उडी टाकली त्यानं." कुणाला दिसलं नाही. हेड घासतील म्हणून कॅसेटवाला पोरगा कुरकुरायला लागला. मामाने आणखी एकदा बघितलं आणि जाऊन झोपला. पहाटे त्याला मुंबई गाठायची होती.

एवढं एक दृश्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. टीव्हीच्या उजेडात त्याचं ते पुढे काढलेलं बोट.

पुण्यात कॉलेजला असताना एका फिल्म क्लबात 'ड्युएल' पुन्हा पाहिला आणि नंतरच्या चर्चेत 'चेहरा नसलेली दहशत' हे शब्द इतक्यांदा ऐकले की कान किटले. त्या शब्दांवरचा माझा राग तेव्हापासूनचा. चेहरा नाही कसा? तुम्ही काचेच्या कुठल्या बाजूला बसलाय त्यावर ते आहे. या चित्रपटातला मला सर्वांत प्रिय भाग ढाब्यावरचा, म्हणजे तिथल्या कॅफेतला. नायक सँडविच मागवून बसलाय, बाहेर टँकर उभा आहे, आणि काउंटरवर ओळीने बसलेल्या माणसांचे बूट तो न्याहाळतोय: यांतला तो कोण? सगळेच बूट सारखे. सगळेच ड्रायव्हर. मग तो भलत्याच माणसाला जाऊन भिडतो आणि मार खातो. क्लबात लोक या दृश्याला ताणाचा उत्कृष्ट नमुना म्हणाले, आणि तो आहेच. मला दिसलं ते हे, की एका सरळ जेवणाऱ्या माणसाच्या हातचा घास त्याने उडवला.

ही कथा ज्याच्या मनात आली तोही मोटारीतच होता. रिचर्ड मॅथेसन २२ नोव्हेंबर १९६३ ला गोल्फ खेळायला गेला होता. केनेडींना गोळी लागल्याची बातमी कळली, खेळ सोडून तो मित्राबरोबर परत निघाला, आणि वाटेत एक ट्रक त्यांच्या मागे लागला. कथा छापून आली १९७१ च्या एप्रिलमध्ये, 'प्लेबॉय'मध्ये. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरच्या रात्री एबीसीने चित्रपट दाखवला. चित्रीकरण तेरा दिवसांत उरकलेलं, लांबी ७४ मिनिटं. पुढे परदेशातल्या चित्रपटगृहांसाठी तो वाढवला तेव्हा शाळेची बस आली, बायकोचा फोन आला. म्हणजे त्या पहिल्या रात्री अमेरिकेत बसल्या जागी ज्यांनी मत बनवलं, त्यांच्यासमोर ना आईचा मुद्दा होता, ना मामाचा मुख्य साक्षीदार. आमच्या गल्लीने जास्त पुरावा पाहून निकाल दिला, असं मी अजून म्हणते.

रोममध्ये चित्रपट गेला तेव्हा तिथल्या टीकाकारांनी त्याला वर्गसंघर्ष ठरवलं: पांढरपेशा मोटारवाला विरुद्ध कष्टकरी ट्रकवाला. स्पीलबर्गने ते मान्य केलं नाही, तेव्हा काही पत्रकार उठून गेले म्हणतात. मला ते उठून जाणं आवडतं आणि हसूही येतं. टँकर चालवणारा त्या खोलीतही कुणी नव्हताच. प्रत्यक्षात टँकर चालवत होता कॅरी लॉफ्टिन नावाचा जुना स्टंटमन. आणि कड्यावरच्या शॉटची हकीकत अशी, की पॅडल दाबून धरायची युक्ती ऐन वेळी फसल्याने लॉफ्टिनला शेवटपर्यंत गाडीत राहून मग उडी टाकावी लागली. दार उघडं राहिलं ते तसंच चित्रित झालं. हे वाचलं तेव्हा मामा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

मामीला मी हे फोनवर सांगायचं ठरवलं आणि राहून गेलं. सांगायला निमित्त मिळालं २०२४ च्या जानेवारीत. अपघातात कुणाचा जीव घेऊन पोलिसांना न कळवता पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद, या नव्या न्याय संहितेतल्या कलमाविरुद्ध ट्रकवाल्यांनी संप केला आणि पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. मी मामीकडे अडकले होते. टीव्हीवर कुणी म्हणत होतं, निर्दोष असतील तर पळतात कशाला? मामी लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझा मामा एक रातभर उसात हुता."

कराडच्या अलीकडे, अंधारात बिनदिव्याची सायकल आडवी आली. लोक काठ्या घेऊन धावले. मामाने दार उघडलं, उडी टाकली आणि उसात शिरला. पाती लागून अंगभर ओरखडे. उजाडल्यावर कडेकडेने चालत चौकीत गेला आणि म्हणाला, गाडी माझी. परत आला तेव्हा काचा फुटलेल्या, घोंगडी आणि डबा गेलेला, जोतिबाचा फोटो रस्त्यावर, आणि दार तसंच उघडं. सायकलवाला वाचला, पाय मात्र आखूड राहिला. हे सगळं त्या गणपतीच्या आधीचं. माझ्या आईलाही त्याने सांगितलेलं नव्हतं. मामीने लसणाची सालं सुपात झटकली आणि चॅनल बदललं.

सरकारने ते कलम तूर्त थांबवलं, रांगा ओसरल्या. टँकरवाल्याबद्दल मला काही कणव वाटायला हवी का, हे मला नीट ठरवता येत नाही. कारण मीही आता मोटारीत असते. मागून डिपर मारत ट्रक आला की माझ्याही पोटात गोळा येतो आणि उजवा हात, बूट, मामा, काहीएक आठवत नाही.

माझ्या मुलीने परवा फोनवर 'ड्युएल' पाहिला. मामाची सगळी मतं तिला आधीच ऐकवलेली. ती म्हणाली, "होज, बस, दार, सगळं मान्य. पण नायक रस्ता सोडून बाजूला जातो, तासभर झोपतो, उठून निघतो, तरी हा पुढे वाट बघत उभाच. त्याचं काय?" त्यावरही मामा बोलला होता. आधी म्हणाला, "आनि एक च्या पिऊन निघायला पायजे हुतं." मग थोडा वेळ गप्प राहून, हिशेब लागत नसल्यासारखा म्हणाला, "पर ह्येला भाडं न्हाई व्हय? डिझेल कोन घालतंय?" मुंबईच्या बाजारात गाडी खाली व्हायची वाट बघत तो दोन-दोन दिवस उन्हात बसायचा आणि त्या वेळेचा छदाम त्याला कुणी देत नसे. एका मोटारीसाठी दिवस घालवणारा ट्रकवाला त्याच्या आयुष्यात बसेना. मुलीला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे आजोबांच्या मते पिक्चर खोटाच." ट्रकपुरता खोटा, मी म्हटलं; मोटारवाल्याची भीती त्यांनी खरी धरली होती.