तापट अश्वत्थाम्याला तेल

तापट माणसाची गोष्ट आपण बहुधा त्याच्या रागापासून सुरू करतो. टोल्किनने फेआनोरची गोष्ट त्याच्या आईपासून सुरू केली. १९७७ साली, टोल्किन गेल्यानंतर चार वर्षांनी छापल्या गेलेल्या ‘सिल्मरिलियन’मधला हा एल्फांचा राजपुत्र. त्याला जन्म देताना मीरिएलची सगळी शक्ती सरली, तिला जगणंच नकोसं झालं आणि ती गेली. बापाने दुसरं लग्न केलं. फेआनोरच्या हातात अफाट कसब होतं. दोन दिव्य वृक्षांचा प्रकाश त्याने तीन रत्नांत साठवला. पण आपली जागा कुणीतरी बळकावणार, हा संशय काही जाईना. एक दिवस त्याने सावत्र भावाच्या छातीलाच तलवार लावली.

पुढे मॉरगॉथ नावाच्या दुष्टाने त्याच्या बापाला मारलं आणि रत्नंही पळवली. फेआनोरला बाप रत्नांहून प्यारा होता. शपथ मात्र त्याने रत्नं परत मिळवण्याची घेतली. मला वाटतं, बाप परत मिळणार नव्हता, रत्नं मिळण्याजोगी होती. दुःखाला काहीतरी करायला हवं असतं. त्या शपथेपायी त्याने गलबतांसाठी आप्तांचंच रक्त सांडलं, आणि मागे राहिलेल्या भावासाठी ती गलबतं परत न पाठवता जाळून टाकली.

हे वाचताना मला सारखा अश्वत्थामा दिसत होता. दूध म्हणून पिठाचं पाणी पिऊन आनंदाने नाचलेला तो पोर. त्याच्याच नावाचा हत्ती मारून, तेच नाव उच्चारून त्याच्या बापाला शस्त्र खाली ठेवायला लावलं आणि मारलं. मग एका रात्री त्याने झोपलेल्यांची कत्तल केली, द्रौपदीची पाचही मुलं मारली. याला क्षमा नाही, असं मला मनापासून वाटतं. तरी भागवतात द्रौपदीच म्हणते, सोडा त्याला. मी रडते तशी त्याची आई रडायला नको.

फेआनोर मरतो तेव्हा आतल्या आगीने त्याच्या देहाची राख होते. आपल्या अश्वत्थाम्याला ती सुटका नाही. कपाळावरचा मणी काढून घेतलेली जखम घेऊन तो भटकतोय.

करंजाडेत आमच्या इमारतीत कोकणातली, घाटावरची, खानदेशातली कुटुंबं शेजारी शेजारी राहतात. खानदेशातल्या काकूंकडून मी अस्तंब्याबद्दल ऐकलं. नंदुरबार जिल्ह्यातलं सातपुड्याचं हे शिखर अश्वत्थाम्याचं मानतात. दिवाळीत हजारो लोक, त्यांत आदिवासी फार, ते चढून जातात. वाटेत तो जखमेसाठी तेल मागतो, अशी श्रद्धा आहे. आमच्याकडेही अभ्यंगाआधी आई सात चिरंजीवांच्या नावाने तेलाची बोटं जमिनीला लावायची, आणि पहिलं नाव त्याचं असायचं. त्याने केलेलं पाप तिला पूर्ण ठाऊक होतं. त्याच नावापाशी ती आम्हाला त्या पिठाच्या पाण्याची गोष्ट सांगायची.