खानसाहेबांची बाजू

आमच्या घरात दख्खनी बोलली जाते, शाळेत आम्ही उर्दू शिकवतो आणि भोरच्या बाजारात भाजी मराठीत घेतो. या तीन भाषांत आम्हाला कधी अडखळायला होत नाही. अडखळतो तो समोरचा. "तुम्ही मराठी छान बोलता हो!" हे कौतुक आम्ही बी.एड. करत होतो तेव्हापासून ऐकत आलो आहोत. पिढ्यान्‌पिढ्या नीरेचे पाणी प्यालेल्या माणसाला ते जरा टोचते. पण बोलणाऱ्याच्या मनात पाप नसते, म्हणून आम्ही हसून "आभारी आहे" म्हणतो.

अशा आम्हा लोकांना 'कट्यार काळजात घुसली'ची गाणी फार जवळची वाटतात. मूळ नाटक १९६७ सालचे. लेखन पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, संगीत जितेंद्र अभिषेकींचे आणि खानसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. २०१५ साली सुबोध भावे यांनी त्यावर चित्रपट केला. संगीत शंकर-एहसान-लॉय या त्रयीकडे आले. शंकर महादेवन, एहसान नूरानी, लॉय मेंडोन्सा. या तीन नावांतच अर्धा हिंदुस्थान येतो.

त्यांच्यापुढचे काम सोपे नव्हते. अभिषेकीबुवांच्या चाली मराठी माणसाच्या कानात पक्क्या बसलेल्या. त्यांना हात लावावा तर जाणकार रागावणार, आणि नुसत्या तशाच ठेवाव्यात तर नवा चित्रपट कशाला? त्यांनी मधला रस्ता धरला. निवडक जुनी पदे अभिषेकींच्या चालीतच ठेवली आणि त्यांच्या शेजारी नवी गाणी बसवली. वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे पडद्यावरच्या खानसाहेबांचा आवाज झाले. अभिषेकींचे शिष्य महेश काळे यांनीही गायले आणि त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. म्हणजे चित्रपट नवा, पण एक गळा मूळ गायकाच्या घरातला आणि दुसरा मूळ संगीतकाराच्या तालमीतला.

याच अल्बममध्ये 'यार इलाही' ही कव्वाली आहे. ती गाणाऱ्यांत अरिजित सिंग आहे, बंगालच्या मुर्शिदाबाद जिल्ह्यातला. शब्द समीर सामंत यांचे. मराठी कवीने मराठी चित्रपटासाठी लिहिलेली कव्वाली ऐकून आम्हाला वाटले, आता आपण म्हणावे, "तुम्ही उर्दू छान लिहिता हो!"

हे सगळे सुखाचे. पण गेल्या वर्षी आमच्या सातवीच्या वर्गातल्या एका मुलाने हा चित्रपट मामाच्या मोबाइलवर पाहिला. त्याचे आजोळ वेल्ह्याकडचे; सरकारदरबारी आता तो राजगड तालुका. मुलगा गाणारा. गळा असा की प्रार्थनेच्या वेळी बाकीची मुले गप्प होऊन त्याला ऐकतात. त्याने विचारले, "सर, खानसाब बुराच कायकू रहता?"

प्रश्न कठीण होता. गोष्टीतला खानसाहेब अखेरीला बदलतो, कला कुणा एकाची नसते हे त्याला कळते. पण तेरा वर्षांच्या मुलाच्या लक्षात त्याचा हेवा राहिला होता, त्याच्या हातातली कट्यार राहिली होती.

गोष्टीतल्या खानसाहेबाला आम्ही उत्तर देऊ शकत नव्हतो. म्हणून आम्ही वर्गात खऱ्या खानसाहेबांची नावे फळ्यावर लिहिली. अब्दुल करीम खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले, पुढे ते मिरजेत राहिले. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. अल्लादिया खाँसाहेबांनी केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर घडवल्या. स्वतः अभिषेकीबुवा अझमत हुसेन खाँसाहेबांकडे शिकले. म्हणजे 'कट्यार'च्या चाली बांधणाऱ्याच्या पाठीशीही एक खानसाहेब होते, आणि त्यांनी विद्या लपवली नव्हती.

मग मिरजेच्या शिकलगारांची हकीकत सांगितली. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. हत्यारांचे दिवस सरले तसे मिरजेतल्या शिकलगार कारागिरांचे हात तंबोरा-सतारीकडे वळले. भोपळा सुकवून, कोरून, तारा चढवून त्यांनी असा तंबोरा केला की देशभरचे गवई मिरजेला येऊ लागले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. मुलगा म्हणाला, "मतलब कट्यारवालेच तंबोरेवाले हुए?" आम्ही म्हटले, "हो, असेच समज."

त्यानंतर केंद्रातल्या शाळांचा सांस्कृतिक कार्यक्रम आला. 'कट्यार'मधला गाण्याचा प्रसंग बसवायचे ठरले. निरोप आला, "तुमच्या मुलाला खानसाहेब करा, शोभून दिसेल." मुलाचे वडील गॅरेज चालवतात. ते शाळेत आले आणि म्हणाले, "सर, एक तो गाना-बजाना अपने घर में नहीं. उस पे ये पार्ट! बुरा आदमी हर बार हमाराच बच्चा बनना क्या?"

पहिल्या मुद्द्यावर घराघरात मतभेद आहेत, आमच्या घरातही आहेत. त्यावर आम्ही वाद घातला नाही. दुसरा मुद्दा मात्र आम्हाला पटला.

'घेई छंद' हे पद नाटकात दोन ढंगांनी येते. पंडितजी ते सालगवराळीत शांतपणे गातात, खानसाहेब धानीत चपळाईने. शब्द तेच, बाज निराळा. आम्ही मराठी शाळेतल्या संगीत शिकवणाऱ्या बाईंकडे गेलो आणि म्हटले, "आमचा मुलगा पंडितजींची चाल गाईल. खानसाहेबांची तुमच्या मुलीला द्या." बाई क्षणभर आमच्याकडे पाहत राहिल्या. मग पेटी पुढे ओढून म्हणाल्या, "पाठवा उद्यापासून."

वडिलांना हे सांगितले. ते बराच वेळ पाना पुसत राहिले. "मराठी का गाना?" "हो, पूर्ण मराठी." "दो मिनट का?" "दोनच मिनिटांचे." त्यांनी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी मुलगा तालमीला आला.

त्याला 'ळ' जड जात होता. बाईंनी तो त्याच्याकडून घोटून घेतला. त्या बदल्यात आम्ही त्यांच्या मुलीला 'ख' आणि 'ख़' यांतला फरक शिकवला, कारण तिला प्रवेशाआधी खानसाहेबांचे एक वाक्य बोलायचे होते. तिने तो दोन दिवसांत उचलला.

कार्यक्रमात मुलगा एका ठिकाणी सुरातून सरकला, मग सावरला. वडील मांडवात बसले नाहीत. फाटकापाशी मोटारसायकलला टेकून उभे होते. मुलाचे झाल्यावरही निघाले नाहीत, मुलीचेही पूर्ण ऐकले. जाताना आम्हाला एवढेच म्हणाले, "लाम बराबर बोला उसने?" उर्दूत 'ळ' नाही, म्हणून त्यांनी आपल्या ओळखीच्या अक्षराचे नाव घेतले होते. आम्ही म्हटले, "बराबर बोला."

आता तो आठवीत आहे. बाईंकडे दर शनिवारी जातो. पुढे किती गाईल, घरून किती चालेल, हे आज सांगता येत नाही. परवा तो मिरजेला जायला एस.टी.चे भाडे किती लागते, ते विचारत होता.