मातीची शेवई

तीन वर्षं मी बाबांशी खोटं बोलत होते. दर रविवारी अकोल्याला फोन व्हायचा आणि "नेमकं काय काम असतं तुझं?" असं त्यांनी विचारलं की मी म्हणायचे, "तेच, फाउंडेशनचं. इंजिनिअर म्हणूनच." प्रत्यक्षात विनिपेगच्या एका माती-प्रयोगशाळेत मी टेक्निशियन होते. साइटवरून आलेल्या नळ्यांतले नमुने काढायचे, वजन करायचं, ओव्हनमध्ये वाळवायचे, आकडे तक्त्यात भरायचे. त्या आकड्यांवरून पाया किती खोल घ्यायचा हे दुसरं कुणी ठरवायचं आणि अहवालाखाली सही त्यांची असायची.

बाबा पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. उमेदीची वर्षं काटेपूर्णाच्या कालव्यांवर गेली. मी अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून सिव्हिल केलं तेव्हा त्यांनी दारावरची पाटी नवी करून घेतली आणि स्वतःच्या नावाखाली माझं नाव घातलं, पदवीसकट. ती पाटी डोळ्यांसमोर यायची आणि खरं बोलायला जीभ उचलायची नाही.

२०१६ साली नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही कॅनडात गेलो. माझ्या गाठीशी अकरा वर्षांचं काम होतं. पाण्याच्या टाक्या, शाळांच्या इमारती, लहान पूल, सगळं काळ्या मातीतलं. आपल्याकडे डॉक्टर-वकिलांना नोंदणीशिवाय काम करता येत नाही, पण इंजिनिअरसाठी देशपातळीवर असा कायदाच नाही. एकदा पदवी हातात पडली की माणूस जन्माचा इंजिनिअर. तिकडे परवान्याशिवाय हा शब्द नावापुढे लावता येत नाही. पदवी तपासून घ्या, अभ्यासक्रमाची पानं विद्यापीठाच्या शिक्क्यासह आणा, काही विषय पुन्हा सिद्ध करा, कायदा आणि व्यावसायिक नीतीची परीक्षा द्या, चार वर्षांच्या अनुभवाचा तपशीलवार हिशोब द्या. अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ मध्ये पूर्ण सदस्य झाला खरा, पण त्याचा उपयोग नंतरच्या आणि मान्यता मिळालेल्या अभ्यासक्रमांना. माझी पदवी २००५ची.

आईनं फोनवर विचारलं, "काऊन व माय, इतकी शिकली तरी अजून परीक्षाच का?" मला तो माझाच प्रश्न वाटला. हा अपमान आहे, असं मी धरून बसले. अर्ज दीड वर्ष तसाच पडू दिला.

एवढ्यावर थांबले असते तर नुकसान माझ्यापुरतं राहिलं असतं. २०१९ मध्ये कॉलेजची एक ज्युनिअर, अकोल्याचीच पोरगी, ब्रॅम्प्टनला आली. तिला तिथल्या एका कंपनीत टेक्निशियनची जागा मिळत होती, परवानाधारक इंजिनिअरच्या हाताखाली. तिनं मला विचारलं, "ताई, घेऊ का?" मी म्हटलं, "नको. एकदा खालच्या पायरीवर बसलीस की वर कुणी बोलावत नाही." मी स्वतः त्याच पायरीवर बसले होते, आणि हे मी तिला सांगितलं नाही. माझ्या शब्दावर तिनं नाही कळवलं. पुढचे चौदा महिने ती गोदामात खोकी उचलत होती.

माझं डोकं ठिकाणावर आलं ते एका पंपघरामुळे.

काळी माती म्हणजे माझ्या हातचा मळ, असं मी समजत होते. माझं आजोळ दर्यापूरजवळ, खारपाणपट्ट्यात. तिथल्या मागच्या भिंतीला एक उभी भेग होती. वैशाखात आम्ही पोरं तिच्यात आठ आण्याचं नाणं सारायचो. श्रावणात भिंत ते नाणं अशी धरून ठेवायची की निघता निघायचं नाही. माती फुगते आणि आकसते हे मी पुस्तकाआधी त्या नाण्यावरून शिकले. विनिपेगची जमीनही चिकणमातीचीच, हिमयुगाच्या शेवटी पसरलेल्या अगासी सरोवराच्या तळाशी साचलेली. पहिल्या आठवड्यात तिचा गोळा काचेवर घेऊन तळहातानं वळला. प्लास्टिक लिमिटची ही चाचणी दोन्हीकडे सारखीच. मातीची शेवई करायची, ती तीन मिलिमीटर जाडीला येऊन तुटायला लागली की थांबायचं आणि पाण्याचं प्रमाण मोजायचं. ती शेवई हाताखाली अगदी आपल्या मातीसारखी सरकली. मला वाटलं, ही तर घरचीच.

एका शेतावरच्या बिनहीटरच्या पंपघराचं काम आलं होतं. आमच्या साहेबांनी सहज विचारलं, "तू काय करशील?" मी कागदावर मांडून दिलं : दीड मीटर खोल पाया, खाली न फुगणाऱ्या मुरमासारख्या भरावाचा थर. आपल्याकडे वर्षानुवर्षं केलेलं. थंडीचाही विचार केला होता. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, मातीत पाणी इतकं, म्हणजे उचल इतकी. आकडा किरकोळ आला.

शेजारच्या टेबलावरचे एक ज्येष्ठ टेक्निशियन, ज्यांच्याकडे पदवी नव्हती, तो कागद वाचून काही बोलले नाहीत. फ्रीझरमधून गोठलेला एक नमुना आणला, करवतीनं उभा चिरला आणि दोन्ही फाका माझ्यासमोर ठेवल्या. करड्या मातीत आडवे बर्फाचे थर होते, काही कागदाएवढे, काही पापडाएवढे जाड. मी ते बोटानं मोजले. एवढं पाणी त्या मातीत मुळात नव्हतंच. गोठणारा थर खालून पाणी ओढून घेतो, त्याचा बर्फ होतो, मग आणखी ओढतो. खाली पाणी आहे आणि वर थंडी आहे तोवर हे चालतं, आणि वरचं बांधकाम उचललं जातं. त्या भागात जमीन दोन मीटर आणि त्याहून खालीही गोठते. माझ्या नऊ टक्क्यांना तिथं काही अर्थ नव्हता. माझा पाया दोन-तीन हिवाळ्यांत वाकडा झाला असता.

त्या रविवारी मी ट्रान्सकोनाला गेले. मृद्-यांत्रिकीच्या पुस्तकात वाचलेला धान्याचा तो एलेव्हेटर, म्हणजे साठवणुकीचं उंच कोठार, शहराच्या पूर्व टोकाला आजही उभा आहे. ऑक्टोबर १९१३ मध्ये तो पहिल्यांदाच भरत असताना खचला आणि दिवसभरात जवळजवळ सत्तावीस अंशांनी कलला. बांधणाऱ्यांनी जमिनीवर भार ठेवून चाचणी केली होती. ती वरच्या घट्ट थराची ताकद सांगत होती. खालच्या मऊ थरापर्यंत ती पोचलीच नाही. नंतर खालून खडकापर्यंत खांब नेऊन तो सरळ केला. बोचऱ्या वाऱ्यात मी त्याच्याकडे बघत बराच वेळ उभी होते. वरचा थर ओळखीचा निघाला म्हणून निर्धास्त झालेली मीही त्यांच्यातलीच.

परवाना माझी लायकी विचारतोय असं मी धरून चालले होते. त्या दिवशी त्यातला दुसरा प्रश्न मला ऐकू आला : या जमिनीवर तुझ्या सहीच्या भरवशावर कुणी झोपलं तर चालेल का? तेव्हा त्याचं उत्तर नाही असं होतं. मी अर्ज भरला. मॅनिटोबा विद्यापीठात परदेशातून आलेल्या अभियंत्यांसाठी २००३ पासून एक कार्यक्रम चालतो. चाळिशीच्या उंबरठ्यावर मी वर्गात जाऊन बसले. अभ्यासक्रमाची पानं बाबांनी अमरावतीला जाऊन शिक्के मारून आणली. कशासाठी, हे मी तेव्हाही पूर्ण सांगितलं नाही. परवाना २०२१ मध्ये मिळाला.

माझा सगळाच राग गेला असं मात्र नाही. परीक्षा घ्या, वर्गात बसवा, पण 'इथला अनुभव आणा' ही अट मला आजही अन्यायाची वाटते. अनुभवाशिवाय नोकरी नाही आणि नोकरीशिवाय अनुभव नाही, या फेऱ्यात कितीतरी माणसांची उमेद संपली. ओंटारियोनं मे २०२३ मध्ये ही अट काढली, देशात सर्वांत आधी. माझ्या ज्युनिअरसाठी तो निर्णय चार वर्षं उशिरा आला. तिला फोन करून मी सगळं सांगितलं, माझी टेक्निशियनची वर्षंसुद्धा. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, तेव्हाच सांगायचं होतं." आता ती माती-प्रयोगशाळेत आहे आणि अनुभवाची नोंदवही आम्ही दोघी महिन्यातून एकदा मिळून तपासतो.

२०२३च्याच दिवाळीला घरी गेले. अमरावतीहून अकोल्याला निघालो तो रस्ता म्हणजे जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून विश्वविक्रम झालेला. वर्षानुवर्षं त्याच रस्त्यानं हाडं खिळखिळी करून घेतलेली मी काचेतून बघत राहिले. त्या कामावरची पोरं उद्या परदेशी गेली तर अर्जाच्या कोणत्या रकान्यात हे बसवतील, असं मनात येत होतं.

रात्री जेवणं झाल्यावर ओसरीत बाबांना म्हटलं, "बाबा, पहिली तीन वर्षं मी तिथं टेक्निशियन होते. माती वळायचं काम." पाटी त्यांच्या मागेच होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तिथल्या मातीचा लिक्विड लिमिट किती येते?"

"नव्वदच्या वर जातो कधी कधी."

"आपल्या दर्यापूरकडच्या मातीवानीच हाये की," ते म्हणाले, आणि जुनी वही शोधायला आत गेले.